वीत

"हसा," डॉक्टर म्हणाला. घरातून निघाल्यापासून हसण्यासारखं काही घडलेलं नव्हतं, पण डॉक्टरसमोर बसलं की माणूस जीभसुद्धा बाहेर काढून दाखवतो, मग हसायला आपलं काय जातं, म्हणून हसले. चांगली हसले, दात दिसतील अशी. डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघतच राहिला, थांब्यावर उभं राहून बस येते का बघावं तसा. शेजारी माझा मुलगा बसला होता. त्यानं माझ्या कोपराला हात लावला आणि हळूच म्हणाला, "आई, ते हसायला सांगतायत." "हसतेच आहे की मेल्या," मी म्हटलं. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते पाहणं माझ्या ओळखीचं होतं. गिऱ्हाईकाला कपडा तंग झाला की दुकानातली माणसं असंच एकमेकांकडे बघतात आणि आधी कोण बोलतंय याची वाट बघतात. भिंतीवर हात धुवायच्या भांड्याच्या वर एक आरसा होता. उठून त्यात बघावंसं वाटलं, पण खुर्चीतून उठायला हल्ली मला पुढेमागे झोके घ्यावे लागतात आणि ते झोके या पोरगेल्या डॉक्टरला दाखवायची माझी इच्छा नव्हती. तर तो म्हणतो, उठा, चालून दाखवा. मग म्हणतो, अंगठा आणि पहिलं बोट उघडा-मिटा, मोठं मोठं उघडा. मी मोठंच उघडत होते. "मोठं, आजी, आणखी मोठं." "आणखी किती मोठं? मगरीसारखं?" यावर तो हसला. त्याचं हसणं कोणी न सांगता दिसलं. मग विचारलं, वास येतो का. कसला? कसलाही, साबणाचा, काही करपल्याचा. म्हटलं, मला सगळा येतो, हल्लीच्या कापडालाच वास राहिलेला नाही. पूर्वी लोकरीच्या कापडावर गरम इस्त्री ठेवली की खोलीभर ओल्या मेंढीचा वास सुटायचा, आता इस्त्री ठेवा नाहीतर वीट ठेवा, सारखंच. त्यानं मान हलवली आणि ते लिहून घेतलं. माझं बोलणं आजवर कोणी लिहून घेतलेलं नाही.

पार्किन्सन. ऐकलं तर वाटतं उंची कोटांचं दुकान असावं, काचेआड पुतळे उभे असलेलं. डॉक्टर मोठ्यानं आणि सावकाश सांगत होता, मी बहिरी असल्यासारखं. मेंदूत एक रस असतो, तो कमी झाला. बरं होणारं नाही, पण गोळ्यांनी चालवता येतं. हालचाली लहान होत जातात, चाल लहान, अक्षर लहान, आवाज लहान, आणि गंमत अशी की माणसाला स्वतःला ते कळत नाही, त्याला वाटतं आपण नेहमीसारखंच करतोय. गंमत हा त्याचाच शब्द. परत येताना गाडीत मुलगा एका हातानं चाक धरून दुसऱ्या हातानं माझा हात थोपटत होता आणि मी खिडकीबाहेर बघत होते. माणसाला धीर द्यायचा असेल तर आधी दोन्ही हात चाकावर ठेवावेत, एवढी साधी गोष्ट याला कळत नाही. माझा उजवा हात मांडीवर पडला होता आणि अंगठा बोटांवर फिरत होता, खडूचा चुरा चोळावा तसा. या सवयीला मी धंद्याची खोड म्हणत आले होते. आणि मला दुःख वगैरे काही झालं नव्हतं, खरं सांगते. मला चीड आली होती. कापडाला वास राहिला नाही, ही माझी तक्रार होती. गुंड्या हल्ली गुळगुळीत करतात, काजात शिरत नाहीत, ही माझी तक्रार होती. उंबरठा कोणीतरी वाढवल्यासारखा पायात येतो. सून बहिरी झालीय, हाक मारली तरी ऐकत नाही. ही सगळी माझी स्वतःची, वर्षानुवर्षं जपलेली गाऱ्हाणी, आणि या माणसानं टेबलाच्या पलीकडून एका बैठकीत ती जगाच्या अंगावरून उतरवून माझ्या अंगावर घातली. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी आयुष्यभर लोकांना ऐकवलं. आता अंगण सरळ निघालं. अशा वेळी माणसानं जायचं कुठे?

घराच्या पुढच्या खोलीत आमचं शिवणाचं दुकान आहे आणि त्या खोलीत खिडकीखाली माझं टेबल. कापड बेतणाऱ्याला आमच्या धंद्यात मास्तर म्हणतात. मी बाई, म्हणून मास्तरीण. शाळा चौथीपर्यंत, तीही पाटीवर रेघ सरळ यायची म्हणून बाईंनी ढकलत नेलेली. पण शिकलेल्या घरातली माणसंही या दारात येऊन मास्तरीणबाई म्हणतात आणि मग गप्प उभी राहतात, कारण मी बघत असताना कोणी बोललेलं मला चालत नाही. मी टेप लावत नाही. शरीर डोळ्यानं मोजायचं आणि कापड वितीनं. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत माझी वीत नऊ इंच, ना दोरा कमी ना दोरा जास्त. हे टेपला विचारून बघा, असं मी म्हणत असे, आणि ज्यांनी विचारून बघितलं ते गप्प झाले. ही माझ्या आईची शिकवण. तिनं मला फ्रॉक शिवायचा म्हणून भिंतीकडे तोंड करून उभं केलं की तिची वीत माझ्या पाठीवरून वर चढायची, उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची, पानावरून अळी जावी तशी. गुदगुल्या व्हायच्या आणि हललं की धपाटा बसायचा. त्या हाताला सुताचा आणि तेलाचा वास होता. तो वास मला आता येत नाही म्हणजे आठवत नाही की येत नाही, ते डॉक्टरला विचारायचं राहिलं. आमचे हे मशीनवर बसायचे, शिलाई आखीव, पण बेतायला घेतलं की कापडाकडे असे बघायचे जसं ते यांनाच खाणार आहे. "तू रेघ मार, मी रेघेवरून चालतो," असं म्हणत. संसारही तसाच केला. हे गेले तेव्हा टेबलापाशी मी उभी होते आणि तेराव्यालाही तिथेच उभी होते, लोक काय म्हणायचं ते म्हणाले. त्या टेबलाला माझ्या पोटापाशी एक खळगा पडलाय, लाकूड झिजून. दुसऱ्या कोणाचं पोट त्यात बसायचं नाही.

दुसरं पोट म्हणजे सूनबाईचं. ती शिकलेली, लग्न होऊन आली ती शिवणाचा दोन वर्षांचा कोर्स आणि गळ्यात टेप घेऊन. बाकीच्या बायका दागिना घालतात, हिनं टेप घातली. उंची मोजते, बाही मोजते, मोजलेलं पुन्हा मोजते. मी तिला टेपवाली म्हणते. तोंडावर म्हणते, मागून बोलायची मला सवय नाही. गेल्या वर्षी माझा हात कातरताना दमायला लागला तेव्हा मी कात्री तिच्या हातात दिली. आखायचं मी, कापायचं तिनं. आखणं डोक्याचं काम आणि कापणं हमालीचं, रेघ दिसली की कोणीही कापेल, असं मी तिला सांगितलंही. त्याच सुमाराला कपडे परत यायला लागले होते. एकाचा शर्ट पोटावर ताणला, एकीचा कोट मुंढ्यात, बाही लागते तिथे, धरला. मी त्यांना तिथंच उभं करून सुनावलं. "कोट होता तेवढाच आहे, तुम्ही सुटलात. जिने चढत जा." एका बाईला म्हटलं, कापड आटतं, माणसं फुगतात, यात शिंप्याचा काय दोष. त्या सगळ्यांनी खाली माना घालून ऐकून घेतलं. आणि नंतर कपडे परत येणं बंद झालं. एकही नाही. मला वाटलं, बरं झालं, चार शब्द बोललं की लोक ताळ्यावर येतात. मी ते मुलाला सांगितलंही होतं, जेवताना, आणि सून पाणी आणायला उठून गेली होती.

डॉक्टरकडे न्यायचं खूळही तिचंच. "आईंचा हात बघा, आईंची चाल बघा," म्हणून नवऱ्यामागे टुमणं लावलं. मी ओळखून होते. टेबलावर डोळा आहे हिचा, दुसरं काय. आता निदान झालं म्हटल्यावर घर माझ्याभोवती असं फिरायला लागलं की मी जणू काठोकाठ भरलेला पेला. मुलानं न्हाणीघरात दांडे बसवले, चटया उचलल्या, आणि रोज मोबाइलवर कुठल्या कुठल्या म्हाताऱ्यांची नाचतानाची चित्रं दाखवायला लागला. "बघ आई, यांनाही तेच आहे, आणि कसे नाचतायत." म्हटलं, मी ते नसतानाही नाचत नव्हते. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर रोज दारात उभे राहून एक नवा उपाय सांगून जातात. त्यांच्या मेव्हण्याला हेच होतं म्हणे. मेव्हणा कसा आहे विचारलं तर विषय बदलला. जो येतो तो आवाज मऊ करून येतो. मला कोणी उलट उत्तर देईना. मी सुनेला म्हटलं, चहा म्हणजे गरम पाणी झालंय, तर "दुसरा करते हं आई" म्हणाली. हं! पूर्वी ही बाई मला म्हणायची, "मग तुम्हीच करून घ्या." मुलानं एकदा तिला स्वयंपाकघरात विचारलेलं मी ऐकलं, आई स्वभावानं मऊ झालीय का गं? ती म्हणाली, "छे. सुंभ जळला तरी पीळ तसाच आहे. फक्त आवाज पोचत नाही." त्या दिवसातलं तेवढं एकच वाक्य ऐकून मला बरं वाटलं. सकाळी झग्याच्या गुंड्या लावताना बोटं एकमेकांच्या पायात येतात, बाजारातल्या गर्दीसारखी, आणि दाराबाहेर सून उभी असते, तिची सावली फटीतून दिसते. आत येत नाही. येईल तर मी हाकलीन, आणि येत नाही म्हणून मला राग येतो. गोळी घेतली की थोड्या वेळानं अंगातलं कोणीतरी कुलूप काढतं. मग पुन्हा लावतं. किल्ली माझ्याकडे नाही, हीच काय ती तक्रार आता माझी स्वतःची उरली होती. ती आणि टेबल. टेबल मी सोडणार नव्हते. डॉक्टरनं चाल सांगितली, अक्षर सांगितलं, आवाज सांगितला. बेतण्याबद्दल तो काही बोलला नव्हता.

वकिलीणबाईंचा कोट होता. आमच्या जुन्या गिऱ्हाईक, खांद्यानं रुंद, मनानंही; त्या आता न्यायाधीश व्हायच्या होत्या आणि पहिल्या दिवशी माझ्याच हातचा कोट घालायचा म्हणून कापड घेऊन आल्या होत्या. काळं, जड, दाट विणीचं, त्यांच्या वडिलांनी कधी काळी आणून ठेवलेलं. तेवढाच तुकडा. असं कापड आता कुठे मिळत नाही. मुलगा म्हणाला, "आई, हा कोट राहू दे ना. हवं तर ही बेतेल, तू बाजूला बसून सांग." बाजूला बसून. त्या क्षणी मी ठरवलं की आज आखणार मी आणि कापणारही मीच. सकाळची गोळी घेतली, टेबलाच्या खळग्यात पोट टेकवलं, कापड पसरलं, तळहातानं सपाट केलं. पांढरा खडू घेतला. वकिलीणबाईंचा खांदा मला पाठ आहे, दोन विती आणि दोन बोटं कमी. वीत टाकली, उचलली, टाकली. हात थरथरत नव्हता. मला तर तो अगदी आईच्या हातासारखा दिसला, उघडणारा, मिटणारा. पाठ आखली, मुंढा वळवला, शिलाईच्या आत ठेवतात ती माया सोडली. सून मशीनवर बसली होती पण मशीनचा आवाज येत नव्हता. "कात्री दे," मी म्हटलं. ती आली नाही. पुन्हा म्हटलं. तेव्हा उठली, आली, आणि कात्री द्यायच्या ऐवजी तिनं आपला पंजा उघडून माझ्या रेघेवर ठेवला. टेबलावर, माझ्या रेघेवर, माझ्यासमोर.

"कापू नका, आई."

"हात काढ."

"नाही काढणार. कोट तंग होईल."

"बघितलंस कुठे तू? डोळ्यात टेप आहे का तुझ्या?"

"मोजून सांगते. या रेघेवर कापलात तर त्यांच्या अंगात शिरायचा नाही. कापड दुसरं नाहीये."

मी म्हटलं, तुझी टेप खोटी असेल, गळ्यात घालून घालून ताणली असेल. अंग आणि रेघ एकाच टेपनं मोजली की टेप ताणलेली असली तरी फरक तोच दिसतो, हे मला बोलता बोलताच कळलं आणि आणखी चीड आली. मागच्या फळीवरून कापून ठेवलेला एक गठ्ठा तिनं उचलला, गणवेशाच्या शर्टांचा, मीच आखलेला, तिनंच कापलेला, शिवायचा राहिलेला. एक पाठ माझ्यासमोर ठेवली. माझी पांढरी रेघ दिसत होती. पण ती कडेला नव्हती. कडेपासून आत, बोटभर आत, सगळीकडून, तळं आटल्यावर काठाच्या आत जशी पाण्याची खूण दिसते तशी. दुसरी उचलली, तीच. बाही, तीच. कॉलरसुद्धा. मला डोळ्यांपुढे तो ताणलेला शर्ट आला, मुंढ्यात धरलेला कोट आला, माना खाली घातलेली माणसं आली, आणि पाणी आणायला उठून गेलेली सून आली. "कधीपासून?" मी विचारलं. तिला ऐकू गेलं नाही. तिनं कान माझ्या तोंडाजवळ आणला, आणि ते मला सगळ्यात असह्य झालं. "कधीपासून, म्हणते मी!"

"कात्री दिलीत तेव्हापासून. आधी मला वाटलं माझंच चुकतंय. मग लक्षात आलं, प्रत्येक वितीला सारखंच कमी येतंय. वाकडं नाही, आई, तुमचं वाकडं कधीच नसतं. फक्त लहान. म्हणून तर डॉक्टरकडे न्या म्हणत होते."

"आणि मला सांगायला तोंड शिवलं होतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही टेप खिडकीतून फेकली असती."

"टाकलीच असती!"

"आणि मला?"

"तुला आधी!"

ती हसली नाही, मीही नाही; निदान मला वाटतं मी नाही. खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. मी माझा पंजा टेबलावर ठेवला, काळ्या कापडावर, आणि ताणला. जेवढा ताणता येईल तेवढा, कातडी बोटांच्या बेचक्यात पांढरी पडेपर्यंत. "लाव," मी म्हटलं. तिनं गळ्यातली टेप काढली. माझ्या अंगठ्याच्या टोकाला तिचं बोट थंड लागलं. माझ्या हाताला आजवर टेप लागली नव्हती, पैजेच्या दिवसांत सोडून, आणि तेव्हा ती हरायला लागत असे. तिनं आकडा सांगितला नाही. मी वाकून वाचला. चौथीपर्यंतची शाळा एवढ्याला पुरते. साडेसात. हात तोच होता, बोटं तीच, करंगळीवर सुईचा जुना डाग तोच. नऊ इंच कुठे गेले ते मला दिसत नव्हतं. मला पूर्ण उघडल्यासारखा वाटत होता. आत्ताही वाटत होता. हीच ती डॉक्टरची गंमत. कितीतरी वेळ मी ताणून बघत राहिले, आणि मनात काय आलं तर हे, की आईची वीत शेवटी शेवटी केवढी होती ते कोणी मोजलं नाही. तिच्या शेवटच्या दिवसांत ती माझ्या पाठीवरून हात फिरवायची तेव्हा मी म्हणत असे, आई, नुसती मुंगी चालल्यासारखं करू नकोस.

"न सांगता सांभाळायचं," मी म्हटलं, "हे तुम्ही कुठल्या शाळेत शिकता? मी काय कुंडीतलं झाड आहे? बोलत नाही, फक्त पाणी घाला?"

"मग काय करायचं होतं? सांगा ना. तुम्ही सांगाल तसं करते."

आता हे बरोबर बोलली. मी कापडाकडे बघितलं. माझी रेघ ठसठशीत होती, मुंढ्याचं वळण जसं यावं तसं आलं होतं. ते वळण टेपनं येत नाही, हिला अजून दहा वर्षं येणार नाही. "रेघ मी मारणार," मी म्हटलं. "ती कोणी पुसायची नाही. तू बाहेरून काप. वितीला जेवढं कमी पडतं तेवढं बाहेर. पण माझ्यासमोर, इथे उभी राहून, किती बाहेर ते तोंडानं सांगून. चोरून कापलंस तर बोटं छाटीन."

"आणि गोळी उतरली की आणखी कमी पडतं, तेव्हा?"

"तेव्हा आणखी बाहेर. डोळे दिलेत ना देवानं?"

तिनं कात्री घेतली. "मुंढ्यापाशी दोन बोटं," म्हणाली. "दिसतंय," मी म्हटलं. "बगलेत थोडं जास्त घेते." "घे. पण वळण सोडू नकोस, माझ्या रेघेला समांतर जा, सावलीसारखी." कात्रीचा कचकच आवाज जाड कापडातून जात होता आणि माझी पांढरी रेघ आत आत राहत होती. खळग्यात मी होते. ती टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं, उलटी, वाकून कापत होती आणि तिला अवघड जात होतं. जाऊ दे. शिकेल.

वकिलीणबाई कच्च्या टाक्यांवर कोट घालून बघायला आल्या. मोठ्या आरशासमोर उभ्या राहिल्या, हात वर केले, खाली केले, खांदे फिरवले. कुठेच धरत नव्हता. काळं कापड पाठीवरून पाण्यासारखं उतरलं होतं. सून त्यांच्या पायाशी बसून खालची कड टाचत होती, तोंडात टाचण्या धरून, गळ्यात टेप लोंबत. मी माझ्या जागेवरून बघत होते आणि मला आतून असं भरून आलं होतं की काय सांगू. पूर्वी असा कोट झाला की हे मशीनवरून उठून उभे राहायचे. आणि मग आरशात, वकिलीणबाईंच्या खांद्यामागे, मला एक म्हातारी दिसली. दगडी तोंडाची, भिंतीवर टांगल्यासारखी, डोळे न मिटता बघणारी. मी तोंड आणखी फाकवलं. तिनं काही केलं नाही. वकिलीणबाईंनीही तिला आरशात पाहिलं आणि त्यांचे उचललेले हात तसेच राहिले. न्यायाधीश व्हायला निघालेली बाई, पण माझ्यासमोर तिचं पोर झालं. "मास्तरीणबाई, माझं काही चुकलं का? वजन वाढलंय का माझं? अशा रागानं का बघताय?"

मी म्हणणार होते की वाढलंय, जिने चढत जा. पण आवाज गळ्यातून निघेपर्यंत वेळ लागतो हल्ली. तेवढ्यात सुनेनं खालून एकदा मान वर केली, माझ्याकडे बघितलं, तोंडातल्या टाचण्या हातात घेतल्या.

"हसतायत त्या," ती म्हणाली आणि पुन्हा कड टाचायला लागली.

हिला कोणी विचारलं होतं? नुसतं एकदा बघून बोलली. टेप न लावता.